पडायला परवानगी लागत नाही

मुंबईत एखादी इमारत हेरिटेज ठरली की तिला रंग द्यायलाही परवानगी लागते. ही कोपरखळी नाही. १९९५ साली महापालिकेच्या विकास नियंत्रण नियमावलीत ६७ क्रमांकाचा जो नियम आला, त्यात आयुक्तांना विचारल्याशिवाय काय काय करू नये ते सांगितलेलं आहे; आणि पुनर्विकास, फेरफार, दुरुस्ती, नूतनीकरण अशा भारदस्त मंडळींच्या पंगतीला तिथे रंगकामही बसवलेलं आहे. म्हणजे मालकाला भिंत पिवळी करावीशी वाटली तर आधी अर्ज, मग नकाशे, फोटो, वास्तुविशारदाची सही आणि समितीची बैठक. त्याच भिंतीचा रंग आपणहून उडत असेल तर मात्र कुणालाही विचारावं लागत नाही. गिलावा सुटत असेल, सज्जाचं लोखंड गंजून फुगत असेल, पावसाच्या पाण्याच्या पाइपामागे पिंपळ उगवून तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर मुळं पाठवत असेल, तर यातल्या कशालाही ना हरकत प्रमाणपत्र लागत नाही. पिंपळाने आजवर कुठल्याही समितीपुढे नकाशे सादर केल्याचं ऐकिवात नाही. जुन्या वास्तू जपण्याच्या आपल्या नियमांबद्दल माझी तक्रार एवढीच आहे. जो काही करायला जातो त्याला ते अडवतात आणि जो काहीच करत नाही त्याच्या वाटेला जात नाहीत. आता जुनी इमारत बहुतेक वेळा कशाने पडते? कुणी काही केल्याने क्वचित. कुणी काही न केल्याने नेहमी.

हा नियम कुणी ऐऱ्यागैऱ्याने केलेला नाही, हे आधीच कबूल करायला हवं. वस्तीतल्या जुन्या इमारतींसाठी एखाद्या भारतीय शहराने कायद्याचं बळ असलेले स्वतःचे नियम करावेत, असं त्याआधी झालं नव्हतं. तोवर जपणूक म्हणजे पुरातत्त्व खातं, आणि पुरातत्त्व खातं म्हणजे किल्ले, लेणी, कबरी. थोडक्यात, जिथले मूळ रहिवासी तक्रार करायला हयात नाहीत अशा जागा. मुंबईने मात्र जिच्यात माणसं राहतात, भाडी थकवतात आणि गॅलरीत गोधड्या वाळत घालतात, अशा इमारतीलाही वारसा म्हणायचं धाडस केलं. यादीत सहाशेहून अधिक नोंदी झाल्या. त्यांच्या श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीला हात लावायचा नाही आणि मजबुतीसाठी लावावाच लागला तर हळूच. दुसरीत अ आणि ब असे दोन वर्ग, आतून थोडाफार बदल चालेल. तिसरीत आतबाहेर बरंच काही चालेल. स्थापत्य, इतिहास, नामवंत व्यक्तीचा सहवास असे निकष आले. एकेक इमारत साधी असली तरी सगळा मोहल्ला मिळून बघण्यासारखा असेल तर त्याला ‘हेरिटेज परिसर’ म्हणायची सोय झाली. सल्ला द्यायला समिती आली. समितीचा सल्ला आयुक्तांनी पाळायचा, पण अपवादात्मक परिस्थितीत कारणं लेखी नोंदवून तो बाजूला ठेवायचा, अशीही सोय झाली. अपवादात्मक परिस्थिती आपल्याकडे किती वेळा येते, हे ज्याने त्याने आपापल्या अनुभवावरून ठरवावं.

आता हा मान ज्याच्या गळ्यात पडतो त्या माणसाकडे बघू. काळबादेवी-गिरगावातल्या एखाद्या चार मजली इमारतीचा मालक घ्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि पुढची पन्नासेक वर्षं ती तिथेच कुडकुडत राहिली. पागडीच्या खोलीचं भाडं वसूल करायला माणूस पाठवला, तर ते त्या माणसाच्या चहापाण्याला पुरायचं नाही. असा मालक दुरुस्ती करत नाही आणि तो का करत नाही हे समजायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. सरकारलाही ते समजलं होतं. म्हणून १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ काढलं आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात गेल्या. १९९५ पासून तर एकाच इमारतीचं वय दोन कचेऱ्यांत दोन प्रकारे मोजलं जातं. एका कचेरीच्या मते ती जुनी आहे म्हणून धोकादायक आहे आणि दुसरीच्या मते ती जुनी आहे म्हणून मौल्यवान आहे. पावसाळ्याच्या तोंडाला महापालिका कायद्याच्या कलम ३५४ खाली नोटीस येते. त्या कलमात इमारत पाडा, सुरक्षित करा किंवा दुरुस्त करा, असे पर्याय आहेत. पण वाचणाऱ्याची नजर सहसा पहिल्याच शब्दावर अडकते. हेरिटेज समिती म्हणते वीट हलवू नका, इमारत विभाग म्हणतो विटेखालून हला. महापालिका एकच, लेटरहेड तेच, फक्त मजला वेगळा.

यात मालकाचा हिशेब काय होतो ते पाहण्यासारखं आहे. उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास केला की वाढीव चटईक्षेत्र मिळतं आणि चार मजल्यांचे तीस-चाळीस होतात. दुरुस्ती केली तर खर्च मिळतो. इमारत धड असताना पाडायची म्हटली तर समिती आडवी येते. ती अतिधोकादायक झाली की समितीचाही आवाज खाली येतो, कारण माणसं मरू देऊन कमानी वाचवा, असं कुठलाही सभ्य माणूस म्हणणार नाही. तेव्हा शहाण्या मालकाने करायचं काय, तर वाट बघायची. तो कायदा मोडत नाही, लाच देत नाही, रात्री जेसीबी आणत नाही. मुंबईचा पाऊस वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पडतो आणि तो पूर्ण कायदेशीर आहे.

वॉटसन्स हॉटेलचं उदाहरण जगजाहीर आहे. आजची एस्प्लनेड मॅन्शन. १८६० च्या दशकात इंग्लंडात ओतीव लोखंडाचा सांगाडा घडवून, तो सुटा करून बोटीने आणून काळा घोड्याजवळ जोडलेली ही इमारत. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. नंतर हॉटेल बंद पडलं, खोल्यांच्या पोटखोल्या झाल्या, समोर कोर्ट असल्यामुळे वकिलांची ऑफिसं आली, आणि जिथे गोऱ्या साहेबांनी थंड पेयं घेतली तिथे झेरॉक्सची यंत्रं लागली. हेरिटेज यादीत ती दुसऱ्या ‘अ’ श्रेणीत आहे. ही श्रेणी असतानाच २००५ साली तिचा एक भाग कोसळला. २००६ च्या जगातल्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिला मानाचं स्थान मिळालं. म्हणजे एका यादीने ती वाचली नाही म्हणून दुसऱ्या यादीत गेली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने रहिवासी आणि दुकानदार बाहेर काढले गेले आणि मग ती पाडावी की वाचवावी यावर तज्ज्ञांचे अहवाल एकमेकांवर आपटू लागले. दीडशे वर्षं टिकलेलं लोखंड गंजायला किती वर्षं लागली असतील? त्या सगळ्या वर्षांत कुणी तिला भडक निळा रंग द्यायला गेला असता तर त्याला नक्की पकडलं असतं.

मुंबईत पडणं निदान कुणाच्या तरी फायद्याचं असतं. पुण्यात शनिवारवाड्याभोवती ते तेवढंही नाही. इथे महापालिकेचा नाही, केंद्राचा नियम आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून सर्व दिशांना १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे २०० मीटर विनियमित क्षेत्र. अंतराची ही आखणी १६ जून १९९२ च्या अधिसूचनेतली. २०१० च्या दुरुस्तीने ती कायद्यातच घातली. ताजमहालालाही १०० मीटर आणि मुघलांनी कोसाकोसावर अंतर दाखवायला रस्त्याकडेला उभारलेल्या हरियाणातल्या एखाद्या कोस मिनारालाही १०० मीटर. समतेचं तत्त्व राज्यघटनेनंतर इतक्या काटेकोरपणे दुसरीकडे कुठे पाळलं गेलं असेल असं वाटत नाही. या १०० मीटरांत नवं बांधकाम नाही. जुनं घर १९९२ च्या त्या तारखेच्या आधीचं असेल तर परवानगी काढून दुरुस्ती करता येते, पण पाडून पुन्हा बांधता येत नाही. दुरुस्तीच्या व्याख्येतून पुनर्बांधणी मुद्दाम वगळलेली आहे. त्याच कायद्याने बांधकाम कशाला म्हणू नये हेही सांगितलं आहे: गटारं, सार्वजनिक शौचालयं, मुताऱ्या वगैरे. म्हणजे पेशव्यांच्या तटाशेजारी पुणेकराला घर बांधता येणार नाही, मुतारीला मात्र कायद्याचा आक्षेप नाही. आणि हा कायदा अंमलबजावणीत ढिला आहे असं म्हणणाऱ्याने तटाच्या आसपास एकदा वाऱ्याच्या दिशेने चालून यावं.

या वर्तुळात सापडलेल्या वाड्याचं काय होतं ते जरा जवळून बघा. जुन्या वाड्याचं छत म्हणजे कडीपाट: सागवानी तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर मातीचा थर. वरचं एखादं कौल सरकतं. पाणी मातीत मुरतं आणि माती ते मार्गशीर्षापर्यंत धरून ठेवते. कडीचं जे टोक भिंतीत शिरलेलं असतं, जिथे वारा नाही आणि ऊन नाही, तिथे लाकूड आतल्या आत कुजत जातं. बाहेरून कडी ठणठणीत दिसते, चुना लावलेली, वर गणपतीच्या आराशीचे खिळे. जाणत्या सुताराला ठोकून कळतं. कुजलेलं टोक कापायचं, नवा तुकडा सांधायचा, कौल बसवायचं. चार-सहा दिवसांचं काम. पण त्या आधी अर्ज सक्षम अधिकाऱ्याकडे जातो, तिथून शिफारशीसाठी दिल्लीला राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो आणि आला तर परत येतो. सुताराचा बांधकाम-मुकादम होऊन त्याची पोरं पुण्याबाहेर प्लायवूडच्या धंद्यात स्थिरावतात, तेवढ्यात. म्हणून बिऱ्हाडकरू काय करतो? कडीखाली लोखंडी टेकू लावतो आणि वर निळी ताडपत्री टाकतो. टेकू आणि ताडपत्री या शैलीतली जेवढी घरं आज पेठांत उभी आहेत तेवढी पेशवाई शैलीतली खचित नसतील.

विनोद असा की ज्याच्या रक्षणासाठी हे चाललं आहे त्या शनिवारवाड्याचे राहण्याचे महाल १८२८ च्या आगीत जळून गेले. उरला तट, दरवाजे, कारंजी आणि जोती. पेशवाईतलं घर आतून कसं असे, चौकात उजेड कसा पडे, माजघर कुठे नि देवघर कुठे, हे ज्यांच्यावरून कळलं असतं ते भोवतालचे वाडे. आणि कायद्याच्या नजरेत ते वाडे म्हणजे स्मारकाला होणारी अडचण. ते एकेक करून खचतात. खचले की त्यांच्या तुळया, खांब आणि दिंडी दरवाजे जुन्या लाकडाच्या वखारीत जातात, तिथे त्यांना हेरिटेजचा खरा भाव मिळतो, आणि शेवटी ते हायवेवरच्या एखाद्या हॉटेलात पॉलिश होऊन उभे राहतात, ‘अस्सल वाडा संस्कृती’ म्हणून, पिठलं-भाकरीच्या थाळीशेजारी. १०० मीटरांच्या पलीकडे पुनर्विकास झालाच तर नव्या इमारतीला न विसरता अमुकवाडा असं नाव देतात. मेलेल्याचं नाव नातवाला ठेवायची आपली पद्धतच आहे.

इथे जाणकार म्हणतील, नियमच नसते तर एवढंही उरलं नसतं. हा आक्षेप मला मान्य आहे, अगदी पुरता मान्य आहे. फोर्ट भागात ओव्हल मैदानाच्या एका बाजूची गॉथिक शिखरं आणि दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको गॅलऱ्या २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेल्या. १९९५ चा नियम नसता तर तिथे आज काय दिसलं असतं हे सांगायला ज्योतिषी नको. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दादाभाई नवरोजी मार्गावर दुकानांच्या बेबंद पाट्या कमानींच्या आत नेऊन एका मापात आणल्या गेल्या, तेही दुकानदारांना बरोबर घेऊन. पण या उदाहरणांकडे नीट पाहिलं तर नियमाचा पराक्रम एकाच शत्रूपुरता दिसतो. बिल्डरला तो अडवू शकतो. वाळवीला, ओलीला आणि चाळीस वारसांच्या भांडणाला अडवायचं बळ त्याच्यात नाही. ओव्हल तगलं कारण आजूबाजूच्या सधन रहिवाशांनी कोर्टकचेऱ्या केल्या आणि खिशात हात घातला. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय २००३ ते २००८ मध्ये पुन्हा झळाळलं, कारण महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान असे तिघे जण पैसा, कारागीर आणि चिकाटी घेऊन एकत्र आले. दोन्ही ठिकाणी कुणीतरी काहीतरी केलं. नियमाने करू दिलं, हे त्याचे उपकार.

दुसरा आक्षेप नियम पाठ असलेल्यांचा. ते सांगतील की नियमित देखभाल हे मालकाचं कर्तव्य आहे असं हेरिटेज नियमांत स्वच्छ लिहिलेलं असतं. असतं. आणि लगेच पुढे हेही लिहिलेलं असतं की त्यांच्या स्वतःच्या इमारती सोडल्या तर शासन आणि स्थानिक संस्था या देखभालीला जबाबदार नाहीत. लग्नपत्रिकेत ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ छापून खाली ‘जेवणाची व्यवस्था ज्याची त्याने करावी’ म्हणावं, तसं हे वाचताना वाटतं. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींत तर जाणूनबुजून केलेल्या दुर्लक्षाबद्दल कारवाईही सुचवली आहे. पण जाणूनबुजून काहीच न केल्याचं सिद्ध कसं करायचं? पंचनाम्यात काय लिहायचं: सदर इसम गेली बावीस वर्षं गॅलरीत पेपर वाचत बसलेला आढळला? दुरुस्ती करणारा परवानगीवाचून चौकट बदलतो तेव्हा पुरावा म्हणून चौकट असते. न करणाऱ्याचा पुरावा फक्त काळ असतो आणि काळाला समन्स बजावता येत नाही. श्रेणींची ही सगळी पद्धत इंग्लंडातून आलेली आहे, तेव्हा तिकडे काय करतात ते पाहायला हरकत नाही. तिथल्या १९९० च्या कायद्यात स्थानिक कौन्सिल मालकाला दुरुस्तीची नोटीस देऊ शकतं आणि त्याने दुर्लक्ष केलं तर इमारत सक्तीने विकत घेण्यापर्यंत जाऊ शकतं. रिकाम्या इमारतीत तातडीची डागडुजी स्वतः करून खर्च मालकाकडून वसूल करू शकतं. आपण श्रेणी आणल्या, अ आणि ब आपण आणखी पाडले. दुरुस्तीचं कलम बोटीत चढवायचं राहून गेलं असावं.

टीडीआरचं काय, असं कुणी विचारेल. हेरिटेजमुळे मालकाला जे मजले चढवता येत नाहीत त्यांचा हक्क प्रमाणपत्राच्या रूपाने विकता येतो, ही कल्पना सुंदर आहे. आपल्या डोक्यावरची रिकामी हवा दुसऱ्याला विकायची सोय याआधी फक्त पुढाऱ्यांना होती. परंतु बाजार तेजीत असेल तर हवेला भाव, मंदीत असेल तर हवा. आणि पागडीवाल्या भाडेकरूच्या डोक्यावरचं कौल या हवेने बसत नाही.

लोकांचं मन याबाबतीत काय आहे ते २०१२ साली दिसलं. मुंबईच्या यादीत आणखी नऊशेहून अधिक नावं घालायचा प्रस्ताव आला. त्यात शिवाजी पार्कचा परिसर होता, दादरची पारशी कॉलनी होती, बीडीडी चाळी होत्या. एरवी आपल्या आजोबांचं नाव गल्लीला दिलं नाही म्हणून उपोषणाला बसणारा समाज आपण. इथे घरबसल्या राजमान्यता चालून आली आणि लोक हरकतींचे अर्ज घेऊन धावले. शिवाजी पार्कच्या भोवतालची सुसंस्कृत मराठी मंडळी, जी पहाटे मैदानाला फेऱ्या मारताना गिरगावच्या गेलेल्या चाळींबद्दल हळहळते, तीही सभा घेऊन म्हणाली, आम्हाला यातून वगळा. तिला ढोंगी म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सत्तरीच्या जोडप्याला नियमाची भाषा बरोबर कळली होती: मान तुमचा, खर्च तुमचा, आणि जिना तुम्हीच चढा. बीडीडी चाळीत तर १६० चौरस फुटांत पिढ्या गेल्या. कामगारांचा इतिहास जपावा म्हणून त्यांनी तिथेच राहायचं आणि आपण शनिवार-रविवारी कॅमेरे घेऊन जायचं, हा संस्कृतिरक्षणाचा मार्ग होऊ शकत नाही. २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या तेव्हा एखाद्या वारसाप्रेमीने त्यांच्यापुढे जाऊन जुन्या गॅलरीच्या रेलिंगचं कौतुक करून दाखवायला हवं होतं.

तेव्हा माझी सूचना अशी की सगळं आहे तसं ठेवा, फक्त अर्ज करण्याची जबाबदारी उलटी करा. रंगकाम, कौल फिरवणं, कुजलेली कडी सांधणं, नळ बदलणं, पिंपळ मुळासकट काढणं, म्हणजे जे होतं तसंच ठेवायची जी जी कामं आहेत, त्यांना परवानगी नको; पंधरा दिवस आधी कळवलं आणि नोंद असलेल्या कारागिराकडून करून घेतलं की पुरे. परवानगी हवी ती काहीच न करायला. ज्याला यंदा दुरुस्ती करायची नाही त्याने विहित नमुन्यात तसं मागावं. ‘महोदय, खाली सही करणार मालक आपणांस विनंती करतो की वरील वास्तूच्या पश्चिमेकडील सज्जास आणखी दोन पावसाळे लोंबकळत ठेवण्याची अनुमती मिळावी. सज्जात उगवलेल्या झाडाची जात: पिंपळ. अंदाजे उंची: पाच फूट. सज्जाखालून जाणाऱ्या नागरिकांची रोजची संख्या सोबत जोडली आहे. दुरुस्ती न करण्याची कारणे: भाऊबंदकी, भाडे, बिल्डरची प्रतीक्षा (लागू नसलेले खोडावे).’ सोबत नकाशे, चारही बाजूंचे फोटो, वास्तुविशारदाची सही. मग समितीने बैठक घ्यावी, त्रुटी काढाव्यात, झाडाचा उभा छेद मागवावा. आपल्या यंत्रणेची खरी ताकद माणसाला दमवण्यात आहे. ती आजवर दुरुस्ती करणाऱ्यांवर वाया गेली. जरा आळशांवरही चालवून बघू. ज्याचं ‘परवडत नाही’ हे कारण खरं निघेल, त्याच्या अर्जावर तरी महापालिकेला लिहावं लागेल की पैसे आम्ही देतो किंवा ही इमारत आम्हाला तेवढी प्रिय नाही. दोन्ही उत्तरं आजच्या मौनापेक्षा प्रामाणिक होतील. दुसरं उत्तर आलं तर ती इमारत यादीतून काढावी आणि रहिवाशांना मोकळं करावं; न परवडणारं प्रेम किती इमारतींवर करायचं यालाही मर्यादा हवी.

यावर व्यवहारी माणसं हमखास म्हणतील की एवढ्या इमारती तपासणार कोण. वर्षातून एकदा जाऊन इमारत आहे की नाही हे पाहायलाही माणसं नाहीत. हा आक्षेप काल्पनिक नाही. केंद्राची संरक्षित स्मारकं ३,६९३ आणि पहारेकरी त्यातल्या फक्त २४८ ठिकाणी, असं संसदीय समितीपुढे सांगितलं गेलं. त्याच चर्चेत ५० स्मारकं बेपत्ता असल्याचंही निघालं: १४ शहरांनी गिळली, १२ धरणांच्या पाण्यात गेली आणि २४ नुसती सापडत नाहीत. २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याने १८ नावं यादीतून काढायला घेतली. न सापडणाऱ्या त्या २४ मध्ये महाराष्ट्राच्या वाट्याची दोन होती, आगरकोटचा एक बुरुज आणि पुण्यातली एक जुनी युरोपीय कबर. बुरुजाचं समजू शकतो. पण पुण्यातल्या कबरीचा प्रश्न गंभीर आहे, कारण स्मारक सापडत नाही म्हणून त्याचं संरक्षण संपत नाही. यादीत नाव आहे तोवर तिच्याभोवतीही सर्व दिशांना १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र लागू आहे, आणि पुण्यात ज्याला ज्याला घराची गच्ची वाढवायची आहे त्याने ते कुठून मोजायचं हे खात्याने एकदा कळवावं.